‘फक्त लॉगिन टाकायचंय’: वेब ॲपमधली ओळख आणि परवानगी, पहिल्यापासून

ॲप तयार झालेलं असतं. याद्या दिसतात, फॉर्म भरले जातात, डेटाबेसात नोंदी पडतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘आता फक्त लॉगिन टाकायचंय.’ त्या ‘फक्त’मध्ये दोन वेगळी कामं दडलेली असतात आणि नवखा माणूस बहुतेक वेळा पहिलं करून थांबतो. पहिलं काम ओळख पटवण्याचं: समोरचा माणूस स्वतःला जो म्हणवतो तोच आहे का? दुसरं परवानगीचं: तोच आहे हे मान्य, पण त्याला ही गोष्ट करू द्यायची का? पहिल्याला ऑथेंटिकेशन म्हणतात, दुसऱ्याला ऑथरायझेशन, आणि ही दोन्ही नावं कानाला इतकी सारखी लागतात की गोंधळ होणारच. त्यात एचटीटीपीनं, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांनी, भर घातली आहे. ४०१ या कोडचं अधिकृत नाव ‘अनऑथराइज्ड’ आहे, पण त्याचा अर्थ ‘तू कोण ते आधी सांग’ असा होतो. ‘तू कोण ते कळलं, तरीही नाही’ असं सांगायला ४०३ आहे.

पहिल्या कामासाठी तयार माल मिळतो. दुसऱ्यासाठी मिळत नाही, कारण तुमच्या ॲपमध्ये कुणी काय करावं हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? म्हणून लॉगिनच्या भागात मी चुका होतात तेवढ्याच जागी थांबणार आहे आणि परवानगीवर जास्त वेळ घालवणार आहे. उदाहरणाला एका लहानशा वाचनालयाचं ॲप घेऊ. त्यात वाचक आहेत, ग्रंथपाल आहेत आणि एक प्रशासक आहे. पुस्तकं नेली-आणली जातात, त्यांच्या नोंदी राहतात.

कोडच्या आधी कागद

एक कोरा कागद घ्या. डावीकडे ॲपमधल्या सगळ्या क्रिया लिहा: पुस्तकांची यादी बघणं, पुस्तक राखून ठेवणं, पुस्तक दिल्याची नोंद करणं, नोंद दुरुस्त करणं, वाचकाचा पत्ता बदलणं, सभासद काढून टाकणं. वरच्या ओळीत माणसं: लॉगिन न केलेला पाहुणा, वाचक, ग्रंथपाल, प्रशासक. आता प्रत्येक चौकोनात ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘फक्त स्वतःचं’ यापैकी एक लिहा.

हे काम अर्ध्या तासात उरकेल असं वाटतं. मग प्रश्न पडायला लागतात. वाचकाला स्वतःच्या नोंदी दिसाव्यात हे उघड आहे. पण त्यानं तीन वर्षांपूर्वी कुठली पुस्तकं नेली होती हे ग्रंथपालाला दिसायला हवं का? पुस्तक परत आल्यावर त्याला ती माहिती कशाला लागते? ग्रंथपाल स्वतःही वाचक असेल तर स्वतःचा उशिराचा दंड तो स्वतःच माफ करू शकतो का? हे प्रश्न कोडचे नाहीत, त्यांची उत्तरं ज्यांच्यासाठी ॲप बनतंय त्यांनी द्यायची आहेत. ते आत्ता विचारले नाहीत तर रात्री अकरा वाजता कोड लिहिता लिहिता तुम्हीच काहीतरी ठरवून मोकळे व्हाल, आणि मग तोच नियम होऊन बसेल.

ज्या चौकोनाबद्दल खात्री नाही, तिथे ‘नाही’ लिहा. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर जो लेख लिहिला, त्यात हे तत्त्व स्वच्छ मांडलेलं आहे: मुळात प्रवेश बंद धरायचा आणि परवानगी असेल तिथेच उघडायचा. त्यातला व्यवहार साधा आहे. चुकून कुणाला अडवलं तर तो लगेच तक्रार करतो आणि चूक त्याच दिवशी सुटते. चुकून कुणाला आत सोडलं तर तो काही सांगायला येत नाही.

लॉगिन स्वतः लिहायला बसू नका

शिकण्यासाठी एकदा लिहा आणि फेकून द्या. खऱ्या ॲपमध्ये फ्रेमवर्कनं दिलेलं वापरा. जँगोमध्ये यूजर, ग्रुप आणि परमिशन ही व्यवस्था पहिल्यापासून येते. रेल्सच्या आठव्या आवृत्तीपासून लॉगिनचा सांगाडा एका आज्ञेत तयार होतो. लाराव्हेलमध्ये तयार किट आहेत, जावावाल्यांकडे स्प्रिंग सिक्युरिटी आहे, डॉटनेटमध्ये आयडेंटिटी. एक्सप्रेससारख्या हलक्या फ्रेमवर्कमध्ये मात्र तुकडे तुम्हाला जोडावे लागतात आणि चुकायला जास्त जागा मिळते.

आणखी एक वाट आहे: ‘गूगलनं साइन इन करा’सारखं बटण. त्यामागे ओपनआयडी कनेक्ट हे मानक असतं, ते २०१४ मध्ये आलं आणि ओऑथ २.० या परवानगी देण्याच्या मानकावर बांधलेलं आहे. पासवर्ड साठवण्याची जबाबदारी त्यामुळे तुमच्या डोक्यावरून उतरते. पण लक्षात घ्या, त्या बटणानं फक्त ‘हा माणूस कोण’ एवढंच कळतं. तो ग्रंथपाल आहे की वाचक, हे गूगलला कुठून माहीत असणार? कागदावरचा तक्ता तुम्हालाच राबवायचा आहे.

यूजरचं टेबल

टेबल छोटं ठेवा: क्रमांक, ईमेल, पासवर्डचा हॅश, ईमेल पडताळला का, खातं चालू आहे का, आणि तयार झाल्याची वेळ. ईमेलला प्रायमरी की करू नका, माणसं ईमेल बदलतात. एका ईमेलवर एकच खातं, हे बंधन डेटाबेसात युनिक म्हणून घाला. नुसत्या कोडमधल्या तपासणीवर विसंबलात तर एकाच क्षणी आलेल्या दोन रिक्वेस्ट दोन खाती उघडून जातील. साठवताना आणि शोधताना ईमेल एकाच पद्धतीनं लहान (लोअरकेस) अक्षरांत आणा.

भूमिका कुठे ठेवायची? वाचनालयाएवढ्या ॲपला यूजरच्या टेबलातला ‘भूमिका’ हा एक रकाना पुरतो. एकाच माणसाच्या दोन भूमिका होऊ लागल्या की वेगळं टेबल करा. पण तो रकाना कधीही फॉर्ममधून थेट भरू देऊ नका. बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये फॉर्ममधून आलेली सगळी फील्डं एका झटक्यात ऑब्जेक्टमध्ये ओतण्याची सोय असते. नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘भूमिका’ असं फील्ड तुम्ही ठेवलेलं नसलं, तरी समोरचा रिक्वेस्टमध्ये स्वतःच्या हातानं ते घालू शकतो आणि थेट प्रशासक म्हणून जन्माला येऊ शकतो. याला मास असाइनमेंट म्हणतात. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर याच प्रकारच्या त्रुटीतून एकानं आपली प्रवेशाची चावी रेल्स प्रकल्पाच्या खात्यात जोडून दाखवली होती. कुठली फील्डं स्वीकारायची याची यादी स्पष्ट लिहा, बाकी सगळी गाळा.

पासवर्ड

पासवर्ड साठवायचाच नाही. साठवायचा तो त्याचा हॅश, म्हणजे एकाच दिशेनं जाणारं रूपांतर. १९६०च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस या यंत्रणेत एकदा स्वागताचा संदेश आणि पासवर्डची फाइल यांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे पासवर्ड पडद्यावर दिसले. फाइलमध्ये ते जसेच्या तसे लिहिलेले होते, म्हणूनच हे घडलं. पुढे २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटींहून अधिक पासवर्ड बाहेर पडले, तेही जसेच्या तसेच. मधल्या चाळीसेक वर्षांत उपाय सापडला नव्हता असं नाही. १९७९ मध्येच रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी मुद्दाम हळू केलेला हॅश आणि सॉल्ट यांचं वर्णन लिहून ठेवलं होतं.

सॉल्ट म्हणजे प्रत्येक पासवर्डसोबत मिसळलेला वेगळा यादृच्छिक तुकडा. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे निघतात, आणि चोराला सगळ्यांवर एकदाच मेहनत घेऊन भागत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे जे हॅश फुटले ते सॉल्टविना आणि शा-१ या वेगवान पद्धतीनं केलेले होते, म्हणून त्यातले पुष्कळ लवकर उलगडले. वेग हा इथे दोष आहे. फाइलची खूण पटवायला वेगवान हॅश हवा, पासवर्डला हळू हवा.

आज नव्यानं सुरुवात करत असाल तर आर्गॉन२आयडी घ्या. आर्गॉन२ हे २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या स्पर्धेत विजेतं ठरलं आणि ते वेळेबरोबर मेमरीही खातं, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांची फौज लावणाऱ्यालाही ते महाग पडतं. ते मिळत नसेल तर १९९९ सालचं बीक्रिप्ट अजूनही चालतं. त्यात ‘कॉस्ट’ नावाचा आकडा असतो. तो एकानं वाढवला की काम दुप्पट होतं: १० म्हणजे १,०२४ फेऱ्या, १२ म्हणजे ४,०९६. आपल्या सर्व्हरवर एका लॉगिनला पाव सेकंदाच्या आसपास लागेल इतपत ठेवला तर यूजरला कळतही नाही.

बीक्रिप्टची एक खोड आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. ते फक्त पहिली ७२ बाइट बघतं, आणि बऱ्याच लायब्रऱ्या पुढचं गुपचूप सोडून देतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण आत दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. असे अडीच शब्द झाले की मर्यादा संपली. मराठीत लांबलचक वाक्य पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्याचं अर्धं वाक्य वाया जातं आणि त्याला पत्ताही लागत नाही. दुसरी गंमत ‘ऱ’ची. तो एका चिन्हानं लिहिता येतो आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. दिसायला एकच, बाइट वेगळ्या. फोनवरून पासवर्ड ठेवला आणि लॅपटॉपवरून लॉगिन केलं तर कीबोर्डप्रमाणे हॅश बदलू शकतो. हॅश करण्याआधी मजकुराचं युनिकोड नॉर्मलायझेशन करून घेतलं, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी लेखनं एका रूपात आणली, की हा घोळ मिटतो.

नियमांचं म्हणाल तर ‘एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह’ ही सक्ती सोडून द्या. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शनातच असल्या सक्तीला आणि दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याला नकार दिला. लांबी महत्त्वाची. त्या मार्गदर्शनात किमान ८ आणि निदान ६४ पर्यंत चालू द्या असं होतं. मी किमान १२ ठेवतो. पेस्ट करणं बंद करू नका, पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्यालाच त्याचा त्रास होतो. आणि ठेवलेला पासवर्ड आधी कुठे फुटलेला आहे का ते तपासा. ‘हॅव आय बीन प्वन्ड’ या सेवेला त्यासाठी पूर्ण पासवर्ड द्यावा लागत नाही: त्याच्या शा-१ हॅशची पहिली पाच अक्षरं पाठवायची, जुळणाऱ्या हॅशांची यादी येते, उरलेली जुळणी आपल्याकडेच करायची.

लॉगिनचा फॉर्म

एचटीटीपीएस नसेल तर पुढचं काहीच वाचू नका, आधी ते लावा. फॉर्म पोस्टनं पाठवा, नाहीतर पासवर्ड पत्त्याच्या पट्टीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊन बसेल.

चूक झाल्यावरचा संदेश एकच ठेवा: ‘ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे.’ ‘असा ईमेल नाही’ असं वेगळं सांगितलंत तर कोण सभासद आहे याची यादीच बाहेरच्याला काढून दिलीत. संदेश सारखा करूनही वेळ फसवते. ईमेल सापडला नाही म्हणून हॅश न करता लगेच उत्तर दिलं तर ते पटकन येतं आणि फरक मोजता येतो. म्हणून जँगो खातं नसतानाही एकदा हॅश करून घेतं. तयार माल वापरण्याचा फायदा तो हाच, असल्या गोष्टी आपल्याला सुचतही नाहीत.

चुकीच्या प्रयत्नांना लगाम हवा. खात्यामागे आणि आयपी पत्त्यामागे, दोन्हीकडे मोजा. पाच-सहा चुकांनंतर प्रत्येक प्रयत्नाला थोडं थांबायला लावा. खातं कायमचं बंद करण्याचा मोह टाळा, नाहीतर कुणीही दुसऱ्याचा ईमेल घालून, मुद्दाम दहा चुका करून त्याला बाहेर ठेवू शकेल.

लॉगिन झाल्यावर माणसाला जिथे जायचं होतं तिथे परत पाठवण्यासाठी बहुतेक ॲप पत्त्यात ‘नंतर इथे जा’ असा भाग ठेवतात. तो पत्ता आपल्याच साइटचा आहे ना, हे तपासल्याशिवाय पाठवू नका. नाहीतर तुमच्या खऱ्या लॉगिनमधून निघालेला माणूस थेट नकली साइटवर उतरेल.

सेशन आणि कुकी

एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक रिक्वेस्ट नवी. ही उणीव भरून काढायला नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकी आणली. लॉगिन यशस्वी झालं की सर्व्हर एक लांब यादृच्छिक खूण बनवतो, तिच्यासमोर ‘हा अमुक क्रमांकाचा यूजर’ असं स्वतःकडे लिहितो आणि खूण कुकीत घालून ब्राउझरला देतो. पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर ती परत येते. सर्व्हरकडची ती नोंद म्हणजे सेशन. ज्याच्या हाती ती खूण, तो तुमच्या दृष्टीनं तो माणूस. म्हणून ती निदान १२८ बिटांची, सुरक्षित यादृच्छिक जनकातून आलेली हवी. वेळ किंवा यूजर क्रमांक यांच्यापासून बनवलेली नको.

कुकीला तीन गोष्टी लावा. ‘सिक्युअर’ म्हणजे ती एचटीटीपीएसवरच जाईल. ‘एचटीटीपी-ओन्ली’ म्हणजे पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचता येणार नाही. ‘सेमसाइट’ला ‘लॅक्स’ ठेवलं की दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर ती जाणार नाही. लिंक दाबून आलेल्या गेट रिक्वेस्टबरोबर मात्र जाते, म्हणून गेटनं डेटाबेसात काही बदलू देऊ नका. ‘नोंद काढून टाका’ ही साधी लिंक असेल तर आजच फॉर्म करा. शिवाय फ्रेमवर्कचं सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला हे पटवणारी खूण) चालू ठेवा. सुरुवातीला फॉर्म अडकतो तेव्हा वैतागून ते बंद करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत (त्यात मीही होतो).

लॉगिन होताच सेशनची खूण बदला. आधीची तीच ठेवली तर कुणीतरी आपली खूण तुमच्या ब्राउझरात आधीच बसवून, तुम्ही लॉगिन करण्याची वाट बघत राहू शकतो. लॉगआउट करताना नुसती कुकी पुसू नका, सर्व्हरवरची नोंदही मिटवा.

इथे जेडब्ल्यूटीचा विषय निघतोच. ही सही केलेली खूण असते, तीत माहिती आतच असते आणि सर्व्हरला काही साठवावं लागत नाही. अनेक सर्व्हिसेस एकमेकींशी बोलतात तिथे तिला अर्थ आहे. साध्या वेब ॲपला माझं मत सेशनच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण रद्द करणं. ग्रंथपालाला आज दुपारी कामावरून कमी केलं, तर सेशन त्या क्षणी मिटवता येतं. दिलेलं जेडब्ल्यूटी मुदत संपेपर्यंत चालतच राहतं. ते रोखायला रद्द केलेल्यांची यादी ठेवावी लागते, म्हणजे फिरून साठवणं आलंच. आणि सही म्हणजे कुलूप नव्हे. साध्या जेडब्ल्यूटीतला मजकूर कुणालाही उघडून वाचता येतो.

आता खरं काम: परवानगी

माझ्या पहिल्या ॲपमध्ये मी ‘काढून टाका’ हे बटण प्रशासकालाच दिसेल असं केलं होतं आणि खुशीत होतो. तपासायला दिलेल्या सहकाऱ्यानं साध्या खात्यातून लॉगिन केलं, काढून टाकण्याचा पत्ता हातानं लिहून रिक्वेस्ट पाठवली आणि माझ्याकडे बघत राहिला. नोंद गेली होती. बटण लपवणं ही शिष्टाचाराची गोष्ट आहे, सुरक्षेची नाही. ब्राउझर समोरच्याचा, त्यात काय चालतं हे तो ठरवतो. आपला अंमल फक्त सर्व्हरवर.

ओवास्प ही संस्था वेब ॲपमधल्या धोक्यांची यादी काढते. २०१७ मध्ये ‘तुटकं प्रवेश-नियंत्रण’ हा धोका तीत पाचवा होता, २०२१ मध्ये पहिला झाला. त्याचं साधं कारण मला असं वाटतं, की बाकीच्या बऱ्याच चुका फ्रेमवर्क आपोआप अडवू लागली. ही चूक त्यांना अडवता येत नाही.

प्रत्येक रिक्वेस्टला तीन प्रश्न विचारायचे. लॉगिन आहे का? या क्रियेसाठी भूमिका योग्य आहे का? आणि ही विशिष्ट नोंद त्याची आहे का?

पहिला प्रश्न एकाच जागी विचारा. प्रत्येक पानावर आठवणीनं ‘लॉगिन हवं’ लिहित गेलात तर सतराव्या पानावर विसराल. उलटं करा: मिडलवेअरमध्ये (प्रत्येक रिक्वेस्ट पानापर्यंत पोचण्याआधी जिच्यातून जाते त्या पायरीत) सगळ्याच पानांना लॉगिन सक्तीचं करा आणि उघडी पानं (मुखपृष्ठ, लॉगिन, नोंदणी, पासवर्ड विसरलो) नावानिशी सोडा. जँगोमध्ये २०२४ च्या ५.१ आवृत्तीपासून असं मिडलवेअर तयारच येतं.

दुसऱ्या प्रश्नासाठी कोडमध्ये जागोजागी ‘भूमिका ग्रंथपाल असेल तर’ लिहू नका. सहा महिन्यांनी ‘सहायक ग्रंथपाल’ अशी नवी भूमिका आली की चाळीस ठिकाणी शोधत बसाल. त्याऐवजी क्रियांना नावं द्या: ‘पुस्तक देणं’, ‘दंड माफ करणं’, ‘सभासद काढणं’. कोड विचारतो, ‘या यूजरला दंड माफ करता येतो का?’ कुठल्या भूमिकेला कुठल्या क्रिया, ही जोडी एकाच फाइलमध्ये किंवा टेबलात. भूमिकांवर आधारित ही पद्धत डेव्हिड फेराओलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये नीट मांडली आणि ती अजून टिकून आहे. तुमच्या कागदावरचा तक्ता इथे जवळजवळ जसाच्या तसा उतरतो.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. वाचक आपली नोंद बघतोय, पत्त्यात शेवटी क्रमांक आहे १०४२. तो १०४३ करतो. तो लॉगिन आहे, ‘नोंद बघणं’ ही परवानगीही त्याला आहे, दोन्ही तपासण्या पार झाल्या आणि दुसऱ्याची नोंद समोर आली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या कंपनीची सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रं असंच, पत्त्यातला क्रमांक बदलून, कुणालाही बघता येत होती. त्यासाठी काही फोडावं लागत नव्हतं. आकडे मोजता आले की झालं.

यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे नोंद शोधतानाच मालक धरून शोधणं. ‘१०४३ क्रमांकाची नोंद आण, मग ती याची आहे का बघ’ असं लिहू नका, दुसरी पायरी एक दिवस गळते. ‘या वाचकाच्या नोंदींमधून १०४३ क्रमांकाची आण’ असं लिहा. ती त्याची नसेल तर सापडणारच नाही आणि आपोआप ४०४ जाईल. तेच बरं: ४०३ दिलंत तर ‘अशी नोंद आहे, पण तुझी नाही’ एवढी बातमी तरी फुटते. सवय लावायला नोंदी आणणारं एकच फंक्शन करा, त्याला सध्याचा यूजर दिल्याशिवाय ते चालूच नये. पोस्टग्रेस वापरत असाल तर ९.५ आवृत्तीपासून ओळीच्या पातळीवरचे नियम डेटाबेसातच घालता येतात, पण तो दुसरा कोट समजा, पहिला नव्हे.

क्रमांकांऐवजी लांबलचक यादृच्छिक यूयूआयडी वापरले की झालं, असा एक समज आहे. त्यानं अंदाज बांधणं कठीण होतं, इतकंच. पत्ता ईमेलमधून पुढे जातो, ब्राउझरच्या इतिहासात राहतो. ज्याच्या हाती तो लागला त्याला आत घ्यायचं का, हा प्रश्न तसाच उरतो.

पानांना तपासण्या लागल्या तरी बाजूच्या वाटा उघड्या राहतात. एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमना डेटा देणारी वाट) हे पान वेगळं असतं आणि त्याला तपासणी नसते. अपलोड केलेल्या फाइल सर्व्हर थेट देतो, ॲपला विचारतही नाही. एक्सेलमध्ये यादी उतरवण्याची सोय सगळ्यांच्या नोंदी देऊन टाकते. शोधाच्या डब्यात नाव टाकलं की दुसऱ्याच्या नोंदींची शीर्षकं सुचवली जातात. ‘एकूण नोंदी’ हा आकडादेखील कधी कधी जास्त बोलतो. लॉगिनमागची पानं मधल्या कॅशेत (तात्पुरत्या प्रतींच्या साठ्यात) साठू नयेत म्हणून ‘कॅशे कंट्रोल’ला ‘नो-स्टोअर’ लावा, नाहीतर एकाचं पान दुसऱ्याला दिसल्याची तक्रार येईल आणि तुम्ही दोन दिवस चुकीच्या जागी शोधाल.

भूमिका सेशनमध्ये लिहून ठेवू नका. दर रिक्वेस्टला डेटाबेसातून वाचा. त्या एका क्वेरीचा भार किरकोळ असतो, आणि सकाळी काढून घेतलेली भूमिका संध्याकाळपर्यंत चालत राहत नाही.

पासवर्ड विसरलो

हे मागचं दार आहे, आणि ते पुढच्या दाराइतकंच मजबूत लागतं. ईमेल विचारा आणि खातं असो वा नसो, उत्तर एकच द्या: ‘खातं असल्यास सूचना पाठवली आहे.’ लिंकमध्ये ३२ बाइटांचं यादृच्छिक टोकन घाला, डेटाबेसात त्याचा हॅश ठेवा. इथे साधा वेगवान शा-२५६ चालतो, कारण टोकन माणसानं निवडलेलं नाही, त्याचा अंदाज बांधायला काही धागाच नाही. मुदत अर्धा ते एक तास, एकदा वापरलं की बाद. पासवर्ड बदलला की त्या माणसाची बाकी सगळी सेशन मिटवा. खातं चोरीला गेलं म्हणूनच तो पासवर्ड बदलत असेल, तर चोर आतच राहून कसं चालेल? लिंकमधलं साइटचं नाव सेटिंगमधून घ्या, रिक्वेस्टमधल्या होस्ट हेडरमधून नको, तो समोरच्याला हवा तसा लिहिता येतो.

प्रशासक आणि ग्रंथपालांना दुसरा घटक, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा, सक्तीचा करा. ऑथेंटिकेटर ॲपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड जोडणं सोपं आहे आणि त्याच्या लायब्रऱ्या सगळ्या भाषांत आहेत. पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकात ठेवलेली गुप्त चावी) त्याहून चांगली, कारण ती त्या साइटच्या नावाशीच बांधलेली असते आणि नकली पानावर चालतच नाही. फोन हरवल्यावर काय, याचं उत्तर मात्र दोन्हीत आधी ठरवा. एकदाच चालणारे सुटके कोड छापून द्यायला विसरलात तर पहिल्याच महिन्यात तुम्हीच कुणाचा तरी दुसरा घटक हातानं काढत बसाल, फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवून.

तपासणी

दोन ब्राउझर उघडा, एकात वाचक क, दुसऱ्यात वाचक ख. क च्या प्रत्येक पानाचा पत्ता ख च्या खिडकीत चिकटवा. मग डेव्हलपर टूलमधून क ची प्रत्येक पोस्ट रिक्वेस्ट ख च्या कुकीनं पाठवा. तिसरी खिडकी लॉगिन न केलेली. कंटाळवाणं काम आहे, पण बहुतेक भोकं पहिल्या तासाभरात याच पद्धतीनं सापडतात.

मग तेच स्वयंचलित करा. कागदावरच्या तक्त्यातला प्रत्येक ‘नाही’ म्हणजे एक टेस्ट. नवखे ‘हो’च्या टेस्ट लिहितात, कारण तिथे काहीतरी चालताना दिसतं, ‘नाही’ची टेस्ट लिहायला मन घेत नाही. फ्रेमवर्कला सगळे मार्ग (ॲपमधल्या पानांचे पत्ते) छापायला सांगून, त्यातला प्रत्येक मार्ग पाहुण्याला अडवतो की नाही हे बघणारी एक टेस्ट ठेवा. पुढे कुणी नवं पान जोडताना तपासणी विसरला तर ती लाल होईल.

कोण कधी आत आलं, कुणाला नकार मिळाला, कुणाची भूमिका कुणी बदलली, याची नोंद ठेवा. त्यात पासवर्ड आणि टोकन जाणार नाहीत एवढं बघा. रिक्वेस्ट जशीच्या तशी लॉग करणारं डिबग मिडलवेअर थेट सर्व्हरवर चालू राहिलं तर पासवर्डचा एवढा सगळा खटाटोप फुकट.

राहिला पहिला प्रशासक. प्रशासकाला प्रशासकच नेमतो असा नियम केलात, तर पहिला कोण नेमणार? ‘जो सगळ्यात आधी नोंदणी करेल तो’ असं ठेवणारे ॲप मी पाहिले आहेत. ॲप सर्व्हरवर चढवल्यापासून तुम्ही नोंदणी करेपर्यंतच्या पाच मिनिटांत कुणी आलं तर ॲप त्याचं. सर्व्हरवर कमांड लाइनमधून चालणारी एक आज्ञा लिहा, तिनं ते खातं तयार करा, आणि ‘ॲडमिन’ या नावाचं, ‘ॲडमिन’ याच पासवर्डचं चाचणीसाठी केलेलं खातं चढवण्याआधी काढून टाका.